जनीच्या दारातला चहा

गावाचं नाव इथे घालत नाही. रेवसच्या रस्त्यावरून खाडीच्या अंगाला वळलं की लागतं, एवढं पुरे. नाव घातलं तर उद्या तिथले पंच विचारतील की हा शहाणा कोण, आणि त्यांना उत्तरं देत बसायला मला वेळ नाही.

त्या गावची आरोही घरत तालुक्याच्या कचेरीत इंटर्न म्हणून लागली तेव्हा तिच्या बापाने, दत्तात्रेयने, अख्ख्या आळीत पेढे वाटले. कॉलेजातून चौघांची निवड झाली होती. योजना अशी, की राजकारणाची आवड असलेल्या मुलांनी दोन महिने सरकारी कचेरीत बसावं, कारभार कसा चालतो ते डोळ्यांनी पाहावं आणि शेवटी सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र घेऊन घरी जावं. चौघांतल्या दोघांना फक्त प्रमाणपत्र हवं होतं, एकाला कचेरीतला एसी. आरोहीला मात्र खरोखर राजकारण करायचं होतं. दिवाळीत तिला एकवीस पूर्ण होणार होती, पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक होती आणि तिच्या वॉर्डातली जागा बाईसाठी राखीव होती. निवडून आल्यावर करायचं भाषण तिने वहीत लिहूनही ठेवलं होतं. त्यात ‘परिवर्तन’ हा शब्द अकरा वेळा होता.

घरात आणखी एक गडबड होती. थोरली बहीण कल्पिता हिचं लग्न मेच्या शेवटच्या आठवड्यात ठरलं होतं. आगऱ्यांच्या घरातलं लग्न म्हणजे खरी मजा हळदीची, आणि हळद काही घरची चार माणसं लावत नसतात. तांदूळ निवडायला गाव लागतं, भाकऱ्या थापायला गाव लागतं, नाचायला तर लागतंच. शिवाय धवलारीण लागते. लग्नाचे धवले गाणारी ही बाई आल्याशिवाय आणि गायल्याशिवाय त्या गावात कुणाचं लग्न लागलेलं नाही. गावची धवलारीण भागुबाई. सत्तरी उलटली, पण आवाज अजून दोन आळ्या ओलांडतो.

कचेरीत आरोहीला आवक टेबलावर बसवलं. आलेल्या अर्जावर शिक्का मारायचा, नंबर घालायचा, वहीत लिहायचं. शेजारच्या खोलीत नायब तहसीलदार रचना मॅडम बसत. आरोही पहिल्याच दिवशी त्यांच्या प्रेमात पडली. कडक इस्त्रीची सुती साडी, हळू आवाज, आणि समोर कितीही मोठा माणूस असला तरी त्याला बरोब्बर दहा मिनिटं. मॅडम कधी कुणावर ओरडत नसत. ज्याचं काम करायचं नाही त्याला त्या आधी खुर्ची देत, मग पाणी मागवत, मग पुढची तारीख देत. माणूस आभार मानून जाई. आरोहीला वाटे, आपल्यालाही असंच वागता यायला हवं.

तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी तिला आत बोलावलं. टेबलावर तिच्याच गावची फाइल होती.

फाइल भागोजीच्या तक्रारीची. भागोजीचं मिठागर होतं, म्हणजे आता नुसती खारट जमीन. गावातला अल्पेश ट्रेलरच्या धंद्यात वर आलेला, गावकीचा पंच. त्याला ट्रेलर उभे करायला आवार हवं होतं, आणि आवाराची वाट भागोजीच्या जमिनीतून जात होती. गावकीने ठरवलं, भागोजीने वाट द्यावी. भागोजी म्हणाला, देत नाही. वर कोर्टात गेला. तेव्हापासून गावाने त्याचा नारळ बंद केला.

नारळ बंद म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगावं लागतं. गावदेवीच्या पालखीला दर घरचा एक नारळ असतो. ज्याचा नारळ पंच घेत नाहीत त्याच्याशी गावाने बोलायचं नाही, दुकानदाराने माल द्यायचा नाही, त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. ‘वाळीत’ हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. त्याच्याविरुद्ध कायदा झाल्यापासून पंच हुशार झालेत. कागद नाही, ठराव नाही. नारळ घेतला नाही हा काही गुन्हा होत नाही, नारळ नासका निघाला म्हणून सांगता येतं. अकरा महिने भागोजी आणि त्याची बायको जनी असे जगत होते. पिशवीभर दुधासाठी जनी दोन रिक्षा बदलून बाजाराला जाई. आणि हेही सांगायला हवं, की या अकरा महिन्यांत जनी नाक्यावर दिसली की आरोहीसुद्धा मान खाली घालून फोन बघत उभी राहायची.

“वरून विचारणा आलीय,” मॅडम म्हणाल्या. “पंधरा दिवसांत अहवाल द्यायचाय. आमचा माणूस गेला की गाव गप्प बसतं. तू गावची मुलगी. तू जा. त्यांच्या घरी बस, चहा घे, बोल. शिपाई फोटो काढील.”

“मॅडम, तिथे चहा…”

“का? तुझ्याही गावात असलं काही मानतात?” मॅडम हसल्या. “मला वाटलं, तुला पुढे निवडणूक लढवायची आहे. आरोही, पुढारी कोण असतो? जो पहिला कप उचलतो तो. मी तुझ्यात ते पाहिलंय म्हणून तर तुला पाठवतेय.”

हरभऱ्याच्या झाडावर चढवायला यापेक्षा जास्त काही लागत नाही. आरोही त्याच दुपारी निघाली. गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र होतं, आणि तिची भाबडी समजूत अशी की हे गळ्यात असलं की आपण दत्तात्रेयची मुलगी उरत नाही, सरकार होतो.

जनी दारात आली आणि तिला बघून दोन पावलं मागे सरली.

“दत्तूची आरोही ना गो तू? घरान इचारलंस का येताना?”

“काकी, मी कचेरीतून आलेय.”

“कचेरी तिकडं ऱ्हायली. तू गावची पोर हायस.”

तरी तिने आत घेतलं. भागोजी खाटेवरून उठून उभा राहिला, जसा साहेबापुढे उभा राहतो तसा. शिपाई फोन काढून तयार. जनीने चहा टाकला, कप आरोहीच्या हातात दिला आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाली, “पिऊ नको गो. नुस्ता हातान धर. फोटू निगंल आन तुझा बापूस पन वाचंल.”

इथे आरोहीने ऐकायला हवं होतं. अडाणी म्हणून गाव जिला हसायचं त्या बाईने तिला राजकारणाचा पहिला धडा फुकट दिला होता. पण आरोहीच्या डोक्यात पहिला कप उचलणारा पुढारी बसलेला. तिने कप तोंडाला लावला आणि सगळा चहा प्याली. शिपायाने फोटो काढला. फोटोवर तारीख, वेळ आणि गावाचं ठिकाण आपोआप उमटलं.

जनी चुलीकडे तोंड करून रडायला लागली. अकरा महिन्यांत तिच्या घरात परक्या माणसाने कप उष्टा केला नव्हता. जाताना तिने आरोहीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. आरोहीचा ऊर भरून आला. रस्त्याने येताना तिला वहीतलं भाषण आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी एक पान पुढे केलं. ‘मी सदर गावची रहिवासी असून दिनांक बारा रोजी अर्जदार यांचे घरी जाऊन चहापान केले.’ खाली सहीची जागा.

“आणि बाकीचं, मॅडम? दुकानदार माल देत नाही, अकरा महिने कुणी…”

“ते दुसऱ्या पानावर घेऊ.”

आरोहीने सही केली. दुसरं पान कधी टाइप झालंच नाही. पाच दिवसांनी अहवाल गेला, त्याची नोंद तिने जावक वहीत स्वतःच्या हाताने केली आणि तेव्हा तो उघडून वाचला. ‘गावातील रहिवासी अर्जदाराच्या घरी मुक्तपणे ये-जा व चहापान करीत असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळून आले. सोबत छायाचित्र. सबब बहिष्काराच्या तक्रारीत तथ्य दिसून येत नाही. अर्ज निकाली.’ ती मॅडमच्या दारापर्यंत गेली, आत दोन सरपंच बसलेले दिसले, परत आली. सांगू उद्या, असं तिने स्वतःला सांगितलं. उद्या तिने सांगितलं नाही. प्रमाणपत्रावर मॅडमचीच सही व्हायची होती.

अहवालाची एक प्रत भागोजीला गेली, दुसरी अल्पेशला. अल्पेशने तो फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली एक अक्षर लिहिलं नाही. संध्याकाळपर्यंत दत्तात्रेय, त्याची बायको, कल्पिता आणि आरोही, चौघांना ग्रुपमधून काढलेलं होतं.

हळद आठ दिवसांवर होती. दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडायला बायका यायच्या होत्या. ओटीवर चटया घातल्या, सुपं मांडली. दुपारी चारपर्यंत आरोहीची आई एकटीच तांदूळ निवडत बसली, मग तिनेही सूप खाली ठेवलं. पाच वाजता भागुबाईचा नातू आला. भागुबाईला दिलेला आमंत्रणाचा नारळ त्याने उंबऱ्याबाहेर ठेवला आणि न बोलता पळाला. रात्री व्याह्यांचा फोन आला. त्यांच्यापर्यंत बातमी पोचली होती. “तुमचा मांडव रिकामा असंल तर आमची मानसं कुनात बसवायची?” एवढंच विचारून त्यांनी फोन ठेवला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. दत्तात्रेय कुणावर चिडणार? वीस वर्षं कंटेनर ओढून पोरींना शिकवलं, त्या शिकलेल्या पोरीने हे आणलं.

कल्पिता रडली नाही. तिने फक्त विचारलं, “प्यायच्या आधी मला विचारलं होतंस का?”

सकाळी आरोही पहिल्या रिक्षाने कचेरीत गेली आणि या वेळी मॅडमच्या खोलीत घुसली. बापाच्या सहीचा तक्रार अर्ज तिने टेबलावर ठेवला.

मॅडमनी तिला खुर्ची दिली. शिपायाला पाणी आणायला सांगितलं.

“बाळा, वाईट वाटलं,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “पण तुमच्या गावात बहिष्कार नाही. तसा अहवाल गेलाय, तुझ्याच सहीने. आता तू म्हणतेस की आहे. मग बारा तारखेला तू खोटं लिहून दिलंस? शासनाला? तुझ्यावर काही करावं लागेल, ते मला आवडणार नाही. पुढे उमेदवारी अर्ज भरशील, तेव्हा असलं काही नावावर नको.” त्यांनी अर्ज घडी घालून तिच्या हातात परत दिला. “गावातल्या गावात मिटव. राजकारण म्हणजे तेच असतं. प्रमाणपत्र मी तयार ठेवतेय.”

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आरोही पाणी न पिता उठली.

गावकी त्याच संध्याकाळी समाजमंदिरात बसली. दत्तात्रेय हात जोडून उभा, आरोही त्याच्या मागे. अल्पेशने आधी सगळ्यांना फोन बाहेर ठेवायला लावले.

“काका, आमचा राग न्हाय,” अल्पेश म्हणाला. “पोरगी शिकलेली हाय, उद्या उभी ऱ्हायली तर मत पन देऊ. पन गावाचा चा आन भायेरचा चा, ह्यातला फरक तिला कलाया पायजे ना?”

“दंड सांगा, भरतो,” दत्तात्रेय म्हणाला.

“दंड घेतला तर गुन्हा होतो काका. कायदा हाय.” दोघे-तिघे हसले. अल्पेश आरोहीकडे वळला. “पोटात गेलेला चा भायेर येत न्हाय. पन ज्या घरचा प्यायलीस त्याच्या दारान वतता येतो. उद्या सकाली जायचं. जनीकडं चा मागायचा. तिनी दिला की उंबऱ्यावर वतायचा. आमी रस्त्यावर असू. झालं, तुमचा नारल चालू.”

घरी कुणी तिला जा म्हणालं नाही, जाऊ नको असंही कुणी म्हणालं नाही. आईने परत आलेला नारळ उचलून देव्हाऱ्याशी ठेवला होता. कल्पिता हातावरची नक्षी बघत असावी तशी कोऱ्या तळहातांकडे बघत बसली होती. रागाने आरोही म्हणाली असती की मला नाही जमणार, तर कदाचित दत्तात्रेयनेही लेकीची बाजू घेतली असती. ती तसं म्हणाली नाही. ही गोष्ट पुढे तिने कुणालाच सांगितली नाही, पण तिला पक्कं ठाऊक होतं की तिने मनात आधीच ठरवलं होतं, आणि ठरवल्यावर तिला भूकही लागली होती.

सकाळी नऊ वाजता ती गेली. विजेच्या खांबाशी पाच पंच उभे होते, भलतीकडे तोंडं करून, जसे एसटीची वाट बघत असावेत. ओळखपत्र तिने घरीच ठेवलं होतं.

जनीने तिला लांबूनच पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला. “आलीस गो! आयकलं मी, तुमच्या घरचं पन बंद केलंन. माज्यापायी झालं. बस, बस आत.”

“आत नको काकी. चहा दे. इथेच.”

“दिते ना. कालच दूध आनलंय, ताजा हाय.” जनीने घाई केली. गवती चहाची पात तोडून घातली. मागच्या वेळचा कप बाजूला ठेवून तिने फळीवरचा कपबशीचा नवा जोड काढला, पाहुण्यांसाठी ठेवलेला, आणि पुसून त्यात चहा ओतला. कप देताना तिने खांबाशी उभे असलेले पंच पाहिले. तिला वाटलं, पोर गावाच्या नाकावर टिच्चून चहा पिणार. जनी ताठ उभी राहिली.

आरोहीने कप घेतला आणि उंबऱ्यावर उलटा केला.

चहा फरशीवरून जनीच्या पायांवर गेला. तो चांगला गरम होता. जनीने पाय मागे घेतला नाही. ती आरोहीच्या तोंडाकडे बघत राहिली आणि थोड्या वेळाने तिने कपासाठी हात पुढे केला. आरोहीने कप दिला. आतून भागोजीने विचारलं, “कोन आलाय?” जनी म्हणाली, “कोन न्हाय.” मग ती फडकं घेऊन खाली बसली आणि उंबरा पुसायला लागली. खांबाशी उभे असलेले पाचही जण आपापल्या कामाला गेले.

हळद अशी झाली की गावात अजून नाव काढतात. तीनशे माणूस जेवलं. बायकांनी तांदळाच्या भाकऱ्यांची चळत लावली, अल्पेशने स्वतः मटण वाढलं, व्याही दत्तात्रेयच्या गळ्यात पडले. भागुबाई धवले गात होती तेव्हा कल्पिता पहिल्यांदा रडली आणि सगळ्या बायका तिच्याबरोबर रडल्या. मग भागुबाईने आरोहीच्या दोन्ही गालांना हळद फासली आणि म्हणाली, “आता तुजी पाली.” आरोही नाचली. खोटं कशाला सांगू, मनापासून नाचली. तिला हलकं वाटत होतं. गाव आपलं आहे असं तिला त्या दिवसाइतकं कधीच वाटलं नव्हतं.

जूनमध्ये इंटर्नशिपचा शेवटचा दिवस आला. प्रमाणपत्र लॅमिनेट होऊन मॅडमच्या टेबलावर पडलं होतं. दुपारी आवक टेबलापुढे सावली पडली. भागोजी होता, मागे जनी. तिच्या डाव्या पायावर अजून पांढरट डाग होता.

भागोजीने दुसरा अर्ज आणला होता. आरोहीने तो वाचला. सगळं होतं त्यात. दुकान, दूध, नारळ, फोटो. ‘पंचांनी आमच्या दारात चहा ओतवला,’ असं एक वाक्य होतं. कुणाकडून ओतवला ते लिहिलं नव्हतं. तिने अर्ज दोनदा तपासला, मागचं पानसुद्धा. तिचं नाव कुठेच नव्हतं. दोघांपैकी कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं. तिने शिक्का मारला, नंबर घातला आणि त्यांना आत नेलं.

मॅडमनी अर्जावरून नजर फिरवली. “हो, हे मागचंच प्रकरण. अहवाल आहे याच्यावर.” त्या आरोहीकडे पाहून हसल्या. “बरं झालं आजच आले. आरोही, जाता जाता एक काम करून जा. त्यांच्या घरी एकदा परत जाऊन ये, मागच्यासारखीच. एक फोटो घे म्हणजे झालं.”

आरोहीने मान हलवली की नाही, ते तिलाही सांगता आलं नसतं.

जनी मात्र पुढे झाली. दोन्ही हात टेबलावर टेकून ती मॅडमना म्हणाली, “हिला नका धाडू बाय. आमचे घरान दूध न्हाय.”

मॅडमना ते काही समजलं नाही. त्यांनी जनीला बसायला खुर्ची दिली आणि शिपायाला पाणी आणायला सांगितलं.